आईवडील पाहुणे होतात तेव्हा: ‘टोकियो स्टोरी’ समजून घेताना

गणेश चवथीच्या आदल्या दिवशी गोव्यातील मूळ घरात गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधण्याची लगबग चालू असते, आणि पुणे, मुंबई, बंगळूर किंवा आखाती देशांतून आलेल्या मुलांच्या परतीच्या तिकिटाची तारीख घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्या चार-पाच दिवसांत कोणी कोणाशी वाकडे बोलत नाही. आई मुलाला काम सांगत नाही, कारण तो प्रवासाने दमला आहे. मुलगा आईला पाण्याची कळशी उचलू देत नाही, कारण तिचे गुडघे दुखतात. आणि ज्या वडिलांनी कधीकाळी याच मुलाला पाढे चुकले म्हणून अंगणात उभे केले होते, ते आता त्याला रात्री पंखा नीट लागतो ना, असे विचारून जातात. एकमेकांना इतके जपणाऱ्या माणसांमध्ये अंतर पडले आहे असे कोणी म्हटले, तर ते चटकन पटणार नाही. पण इतके जपून आपण वागतो ते पाहुण्यांशी. घरच्या माणसावर आपण रागावतो, त्याला कामाला लावतो, त्याच्याकडे हट्ट धरतो.

आईवडील आणि मुले एकमेकांपासून दूर जातात, ते बहुतेक वेळा अशा सौजन्याच्या वाटेने जातात. ही गोष्ट पडद्यावर दाखवणे फार कठीण आहे, कारण चित्रपटाला काहीतरी घडावे लागते आणि इथे तर काही घडतच नाही. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांनी 1953 साली केलेल्या ‘टोकियो स्टोरी’ या चित्रपटाने ते साधले. 2012 मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने जगभरच्या दिग्दर्शकांचा कौल घेतला, तेव्हा सर्वकालीन चित्रपटांत याच चित्रपटाला पहिले स्थान मिळाले. असे असूनही तो प्रथमच पाहणारा प्रेक्षक सव्वादोन तासांनंतर पुष्कळदा गोंधळून उठतो आणि यात एवढे थोर काय आहे, असे विचारतो. हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर चित्रपटाच्या बांधणीत आहे, म्हणून ती बांधणी सोप्या शब्दांत उलगडून पाहू.

कथा थोडक्यात सांगता येते. हिरोशिमा प्रांतातील ओनोमिची या समुद्रकाठच्या गावी शुकिची आणि तोमी हे वृद्ध जोडपे आपल्या धाकट्या, अविवाहित मुलीसह राहते. मोठा मुलगा कोइची टोकियोच्या उपनगरात डॉक्टर आहे, थोरली मुलगी शिगे त्याच शहरात केशरचनेचे दुकान चालवते, आणखी एक मुलगा केइझो ओसाका येथे रेल्वेत आहे. मधला शोजी युद्धात गेला; त्याची विधवा नोरिको टोकियोत एका कार्यालयात नोकरी करते. म्हातारा-म्हातारी मुलांना भेटायला टोकियोला जातात. मुले त्यांचे स्वागत करतात, पण त्यांच्यासाठी कोणाकडेच वेळ निघत नाही, म्हणून त्यांना आतामी या समुद्रकाठच्या स्नानगावी पाठवून दिले जाते. तिथल्या रात्रभरच्या गोंगाटाने कंटाळून दोघे लवकर परततात, पण आता मुलीच्या घरीही त्यांच्यासाठी जागा मोकळी नसते. परतीच्या प्रवासात तोमीची प्रकृती बिघडते, घरी पोहोचल्यावर तिचे निधन होते, मुले अंत्यविधीसाठी येतात आणि लगेच निघून जातात.

या कथेत खलनायक कोण, हे शोधण्याची आपल्याला सवय आहे. आपल्या मराठी रंगभूमीने या विषयावर दिलेले सर्वांत प्रभावी नाटक म्हणजे वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’. 1970 साली ते रंगभूमीवर आले, आणि पुढे गोव्याच्या गावोगावी, जत्रेच्या रंगमंचावर मराठी नाटक पाहत वाढलेल्या माझ्यासारख्या अनेकांना त्यातली स्वगते ऐकूनच पाठ झाली. त्या नाटकात अप्पा बेलवलकर आपले सर्वस्व मुलांना वाटून देतात आणि त्यानंतर मुलीच्या घरी त्यांच्यावर चोरीचा आळ येतो. तो क्षण असह्य आहे, परंतु एका अर्थाने प्रेक्षकाला तो सोपाही जातो, कारण अन्याय कुठे झाला ते बोट ठेवून दाखवता येते. ‘नटसम्राट’ची जात शोकनाट्याची आहे आणि तिथे ते योग्यच आहे. ओझू यांनी मात्र असा एकही प्रसंग आपल्या चित्रपटात येऊ दिलेला नाही. तिथे कोणी आईवडिलांना हाकलत नाही, कोणी पैसे लुबाडत नाही, त्यांच्यावर कोणी आवाज चढवत नाही.

त्याऐवजी काय आहे, हे पाहण्यासाठी कोइचीच्या घरातला रविवार घ्यावा. आजी-आजोबांना टोकियो दाखवायला न्यायचे ठरले आहे, सगळे कपडे करून तयार आहेत, आणि तेवढ्यात एका आजारी मुलाचे वडील दाराशी येतात. डॉक्टरला जावेच लागते. फिरणे रद्द होते, नातवंडे रुसतात, आणि आजी धाकट्या नातवाला घेऊन जवळच्या बांधावर फिरायला जाते. तिथे ती त्याला मोठेपणी कोण होणार, वडिलांसारखा डॉक्टर होणार का, असे विचारते आणि तू डॉक्टर होशील तेव्हा मी असेन की नाही, असे जणू स्वतःशीच म्हणते. मूल गवताशी खेळत असते; त्याचे तिच्याकडे लक्ष नसते. या प्रसंगात चूक कोणाची? रुग्णाकडे न जाणारा डॉक्टर वाईट ठरला असता. चित्रपटभर हेच चालते: प्रत्येक नकारामागे एक खरे, पटण्याजोगे कारण असते, आणि अशा पटण्याजोग्या कारणांची बेरीज होऊन दोन म्हातारी माणसे परक्या शहरात एका बागेच्या कडेला बसून आपण आता बेघर झालो, असे एकमेकांना म्हणतात.

शिगेवर मात्र बहुतेक प्रेक्षक रागावतात, आणि तो राग समजण्यासारखा आहे. तिचा नवरा सासू-सासऱ्यांसाठी महागडी मिठाई आणतो, तेव्हा एवढा खर्च कशाला, असे ती त्यालाच सुनावते. दुकानातल्या गिऱ्हाइकाने हे कोण, असे विचारल्यावर गावाकडचे ओळखीचे लोक आहेत, असे सांगून ती मोकळी होते. आई अत्यवस्थ असल्याची तार आल्यावर शोकाचे कपडे बरोबर घ्यायचे का, याचा ती भावाशी विचार करते, आणि अंत्यविधीनंतर जेवताना आईच्या कपड्यांपैकी आपल्याला काय हवे ते सांगते. तरीही हीच शिगे आई गेल्यावर सर्वांदेखत हुंदके देऊन रडते, आणि ते रडणे खोटे नाही. थोड्या वेळाने कपडे मागणारीही तीच असते. मला या व्यक्तिरेखेविषयी फार आदर वाटतो, कारण आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांत सगळी धावपळ करणारी, तार करणारी, तिकिटे काढणारी, हिशेब ठेवणारी व्यक्ती अशीच असते. तिच्यामुळे कामे होतात आणि तिच्याच बोलण्याने सगळे दुखावतात. शिगेला काढून टाकले, तर त्या कुटुंबात कोणाला काही कळवणारेही उरणार नाही.

या घराचे वागणे समजायचे असेल, तर 1953 चा जपान थोडा माहीत हवा. 1898 च्या जुन्या नागरी कायद्यानुसार जपानमध्ये घराणे हा कायद्याचा घटक होता: थोरल्या मुलाकडे घराची मालमत्ता जाई आणि तिच्याबरोबर आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारीही जाई. युद्धातील पराभवानंतर 1947 मध्ये कायदा बदलला, घराण्याची ती व्यवस्था रद्द झाली आणि सर्व मुलांना वारशात समान हक्क मिळाला. म्हणजे ओझू यांचे म्हातारे जोडपे ज्या जगात वाढले, तिथे थोरल्या मुलाच्या घरी जाऊन राहणे हा त्यांचा अधिकार होता. ते टोकियोला पोहोचले तेव्हा तो अधिकार कागदावरून जाऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती, आणि त्याची जागा कशाने घ्यायची हे कोणालाच ठरवता आले नव्हते. त्यात बॉम्बहल्ल्यांनी होरपळलेल्या टोकियोत घरांची टंचाई होती. कोइचीच्या घरी आजी-आजोबांसाठी जागा करायची म्हणून मोठ्या नातवाचे अभ्यासाचे टेबल खोलीबाहेर काढावे लागते आणि तो त्यावरून आईशी वाद घालतो. चित्रपटात मोठ्याने भांडतो तो हा नातूच. पिढ्यांमधले नवे अंतर ओझू यांनी एका टेबलाने दाखवले आहे.

गोव्यातील वाचकाला कायद्याचा हा मुद्दा अधिक चांगला कळेल. आपल्याकडे 1870 पासून पोर्तुगीज नागरी संहिता लागू झाली, आणि तिच्यानुसार मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाला आईवडिलांच्या मालमत्तेत वाटा असतो. आईवडिलांनी मनात आणले तरी निम्मी मालमत्ता त्यांना मुलांपासून दूर ठेवता येत नाही. 2016 मध्ये अंमलात आलेल्या गोव्याच्या नव्या वारसा कायद्यानेही हे तत्त्व कायम ठेवले आहे. न्यायाच्या दृष्टीने ही व्यवस्था चांगलीच आहे, विशेषतः मुलींसाठी. पण ज्या घरावर सर्वांचा हक्क आहे, त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ राहण्याची पाळी नेमकी कोणाची, हे कोणत्याच संहितेत लिहिलेले नसते. मधोमध मोकळे राजांगण असलेली, कौले शाकारायला माणूस मिळत नाही म्हणून गळणारी आणि वर्षातून चवथीपुरती उघडणारी घरे फोंडा, डिचोली, पेडणे या तालुक्यांत कोणालाही दाखवता येतील. तिथे सर्वांचे वाटे शाबूत असतात. ओझू यांचा चित्रपट पाहताना मला ती घरे आठवत राहतात, कारण त्या मुलांनाही आपण काही चुकवले आहे असे वाटत नाही. वाट्याला आलेले प्रत्येकाने केलेले असते.

आता चित्रणाकडे वळू, कारण या चित्रपटाचा खरा अभ्यास तिथे आहे आणि तिथेच तो अवघड वाटतो. पहिली गोष्ट कॅमेऱ्याच्या उंचीची. ओझू यांचा कॅमेरा जमिनीच्या जवळ ठेवलेला असतो, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेइतका किंवा त्याहूनही खाली. आपल्याकडे पाटावर जेवायला बसलेल्या माणसाला घर जसे दिसते, तसे ते घर आपल्याला दिसते. कॅमेरा जवळजवळ कुठेच हलत नाही. माणसे खोलीत येतात, बसतात, उठून जातात, आणि खोली तशीच राहते. बोलणारी व्यक्ती बहुतेक वेळा थेट आपल्याकडे पाहून बोलत असल्यासारखी दिसते. त्यामुळे मुलगा जेव्हा वडिलांना आज जमणार नाही असे सांगतो, तेव्हा ते आपल्यालाच सांगितले जाते. आणि वडील हसून काही हरकत नाही म्हणतात, तेव्हा त्या हसण्याकडे आपण मुलाच्या जागेवरून पाहतो. आपल्याला दोन्ही बाजूंना आळीपाळीने बसवले जाते.

दुसरी गोष्ट वगळण्याची. साधारण चित्रपट ज्या घटनांवर रेंगाळला असता, त्या ओझू सरळ गाळतात. आगगाडीत तोमीला बरे वाटेनासे होते आणि दोघांना ओसाकाला उतरावे लागते, हे आपल्याला दिसत नाही. केइझोच्या बोलण्यातून ते कळते. टोकियोतला प्रवेश, गाडीचा लांबचा प्रवास, घरी परतणे, सगळे गाळलेले आहे. दाखवलेले आहे ते पंख्याने वारा घेणे, चहा ओतणे, सामान बांधणे. यामागे निश्चित विचार आहे. आईवडिलांच्या आयुष्यातील मोठ्या घटना दूर राहणाऱ्या मुलांपर्यंत अशाच पोहोचतात, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून आणि उशिरा. परगावी राहणाऱ्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही. वडील पडले होते, हे टाके काढून झाल्यावर समजते. आधी का सांगितले नाही असे विचारले, की तुला उगाच घोर नको म्हणून, असे उत्तर येते. प्रेक्षकाला घटना न दाखवता ओझू त्याला दूरच्या मुलाच्या स्थितीत ठेवतात.

प्रसंगांच्या मध्ये येणारी रिकामी दृश्येही याच कामाची आहेत. कारखान्याची धुराडी, वाळत घातलेले कपडे, समुद्र, बोटी, आगगाडीचे रूळ. कथा तिथे थांबते आणि काही क्षण आपण कोणाकडेच पाहत नसतो. प्रथमच पाहणाऱ्याला ही दृश्ये भरतीची वाटतात, परंतु आधीच्या प्रसंगात जे न बोलता राहिले, ते मनात उतरायला एवढी जागा लागतेच. शिवाय धुराड्यांमुळे शहर कळते, बोटींमुळे गाव कळते, आणि या दोन्हींमधले अंतर वेगळे सांगावे लागत नाही.

अभिनयाविषयी एवढेच सांगतो की सत्तरीच्या शुकिचीची भूमिका करणारे चिशू र्यू त्या वेळी पन्नाशीच्याही आत होते. त्यांनी म्हातारपण कंपाने किंवा खोकल्याने दाखवलेले नाही. ते फक्त प्रत्येक उत्तराआधी किंचित थांबतात आणि मान हलवतात. एकदाच त्यांच्या तोंडून मनातले बाहेर पडते, जुन्या मित्रांबरोबर पिताना. मुलाचे टोकियोत मोठे नाव झाले असेल असे आपल्याला वाटत होते, पण तो एका वस्तीतला साधा डॉक्टर निघाला, अशी खंत ते तिथे बोलून दाखवतात. इथे एक महत्त्वाची गोष्ट उघड होते: निराशा दोन्ही बाजूंना आहे. मुलांना आईवडिलांची अडचण वाटते, आणि आईवडिलांनाही मुले मनासारखी झाली नाहीत असे वाटते. तरी नंतर म्हातारा-म्हातारी आपसांत बोलतात, तेव्हा आपली मुले इतरांच्या मानाने चांगलीच आहेत, आपण नशीबवान आहोत, असे ते ठरवतात. हे समाधान खरे आहे की मनाची समजूत, हा निर्णय दिग्दर्शकाने प्रेक्षकावर सोडलेला आहे. मला ते दोन्ही एकाच वेळी खरे वाटते.

नोरिकोविषयी सर्वांत जास्त गैरसमज होतो. सख्ख्या मुलांना वेळ नाही आणि विधवा सून मात्र रजा काढून सासू-सासऱ्यांना शहर दाखवते, शेजारणीकडून मद्य उसने आणून पाहुणचार करते, सासूचे खांदे चेपते. यावरून रक्तापेक्षा सून बरी, असा धडा काढला जातो, आणि शुकिचीही शेवटी जवळजवळ तसेच बोलतो. पण नोरिको तो मान स्वीकारत नाही. आपण दिसतो तितक्या चांगल्या नाही, शोजीची आठवण आता रोज येत नाही, एकटेपणाची भीती वाटते आणि मन काहीतरी घडण्याची वाट पाहते, असे ती त्याला सांगते. धाकटी क्योको भावंडांच्या स्वार्थावर चिडते तेव्हाही नोरिको त्यांची बाजू घेते: मुले वाढतात तशी आईवडिलांपासून दूर जातात, प्रत्येकाला स्वतःचे आयुष्य पाहावे लागते, आणि कदाचित मीही तशीच होईन. मग आयुष्य निराश करणारेच आहे का, असे ती तरुण मुलगी विचारते आणि नोरिको हसून होकार देते. ते हसू समजायला मला अनेक वर्षे लागली. नोरिकोला वेळ देता येतो, कारण तिला मुले नाहीत आणि ज्याच्यासाठी घर चालवायचे तो नाही. तिचा चांगुलपणा खरा आहे आणि त्याला तिच्या रिकाम्या घराची साथ आहे. कोइचीच्या घरासारखी तिच्याही घरात दोन मुले आणि रुग्णांची रीघ असती, तर नोरिकोचे काय झाले असते, हे तिला स्वतःला माहीत आहे. शुकिची तिला तोमीचे जुने घड्याळ देतो आणि पुन्हा लग्न कर म्हणतो, ते तिला या मोकळ्या वेळातून सोडवण्यासाठी.

स्वतः ओझू यांनी लग्न केले नाही. ते आपल्या आईबरोबर राहिले, आणि 1963 मध्ये, साठाव्या वाढदिवसाच्या दिवशी त्यांचे निधन झाले. आईवडिलांना सोडून गेलेल्या मुलांची गोष्ट न सोडून गेलेल्या मुलाने इतक्या समजुतीने सांगितली, हे मला नेहमी महत्त्वाचे वाटत आले आहे.

गेल्या चवथीला, गणपती पोचवून झाल्यावर, मी हा चित्रपट घरी बाबांबरोबर पाहिला. मराठी उपशीर्षके नव्हती, म्हणून अधूनमधून अर्थ सांगत होतो, पण अर्ध्या तासानंतर त्यांनी हातानेच मला थांबवले. चित्रपटाच्या सुरुवातीला म्हातारा-म्हातारी सामान बांधताना हवेच्या उशीवरून थोडा वाद घालतात, ती तुझ्याकडे दिली, नाही दिली, आणि ती शेवटी त्याच्याच सामानात सापडते. तेवढ्यात खिडकीतून शेजारीण डोकावते आणि अशी मुले लाभली म्हणून त्यांचे कौतुक करते. अखेरच्या दृश्यात तीच खिडकी आहे, तोच म्हातारा बसला आहे, शेजारी जागा रिकामी आहे. तीच शेजारीण डोकावते, एकटे वाटत असेल असे म्हणते, आणि तो उत्तर देतो की असे होणार हे ठाऊक असते तर तिच्याशी अधिक मायेने वागलो असतो, आता एकट्याने दिवस फार मोठे वाटतील. शेजारीण जाते, तो वारा घेत बसून राहतो, बाहेर समुद्रावरून एक बोट पुढे सरकते.

पडदा काळा झाल्यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “ती शेजारची बाई रोज येत असेल ना रे?” सुरुवातीलाही ती आली होती आणि शेवटीही आली, तेव्हा येत असेल, असे मी सांगितले.